तीन वाजताची अँप्यूल

१० सप्टेंबर, गुरुवार

बुरुलचा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र कुबातच्या गाडीबरोबर धाडतेय. तो रोज खिंड ओलांडून तुझ्या माहेरावरून जातो. पत्र तुझ्याच हातात द्यायचं, तुझ्या आईच्याही नाही, असं त्याला बजावलंय.

रुसून माहेरी जाऊन बसलीस त्याला आज चार दिवस झाले. बास झालं आता. माझा भाऊ रागाच्या भरात बोलला, "माझ्या आईला मारायला निघालीस" असं म्हणाला, मान्य. पण मेलिसच्या जागी कुठला मुलगा गप्प बसला असता? डोळ्यांदेखत आई निळी पडत होती. रविवारी घरात आपाला, आपल्या आजारी आईला, बघायला आलेल्या पाच बायका, मेंढा कापलेला, तू चहा ओतून ओतून थकलेली. त्या गडबडीत चार वाजता आपाच्या नळीत मॉर्फिनच्या एका अँप्यूलऐवजी दोन गेल्या. माणसाच्या हातून चूक होते. उरलेल्या अँप्यूल इस्पितळात मोजल्या तर वहीच्या हिशोबापेक्षा एक कमी भरली, म्हणजे आता त्यात वाद राहिला नाही. मी तुला माफ केलंय. मला एजे म्हणतेस, मोठी बहीण म्हणतेस, तर मोठीचं ऐक. ये, आपाची माफी माग, की विषय संपला.

उलट मी होते म्हणून निभावलं. ॲम्ब्युलन्समधल्या माणसाला मीच सांगितलं, दुप्पट मॉर्फिन गेलंय, उताऱ्याचं इंजेक्शन आधी काढ. तो म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?" म्हटलं, अठ्ठावीस वर्षं जिल्ह्याच्या इस्पितळात इंजेक्शनच्या खोलीत काढलीत बाबा, चेहरा बघून कळतं.

मी रजा टाकून इथंच राहिलेय. आपाचं सगळं मी करते. दंडातल्या त्या नळीचं म्हणशील, तर त्यात काय एवढं? झाकण पुसायचं, सिरिंज लावायची, औषध सोडायचं. तू त्याचा केवढा सोहळा मांडला होतास. हात धू, पुन्हा धू. स्पिरिटच्या बोळ्यानं झाकण घास, मग वाळेपर्यंत थांब. आधी सलाईन, मग औषध मुंगीच्या पावलानं, मग पुन्हा सलाईन, मग चिमटा लाव, मग श्वास मोज, मग वहीत लिही. लग्नाला एवढे सोपस्कार नसतात. आणि आलेल्या बायका तोंडात बोट घालून बघायच्या, "काय गं बाई हुशार सून!" मी कोपऱ्यात बसलेली असायचे. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

शहरातून ती चिनारा नर्स तुला शिकवायला आली, तेव्हा मला म्हणाली होती, "एजे, तुम्हीही बसा की चार दिवस. ही नळी थेट काळजाजवळ जाते, हातातल्या साध्या सुईसारखी नाही." मला! तिचा जन्म झाला तेव्हा मी शिरा शोधत होते. हसले आणि बस पकडून घरी गेले.

असो. शनिवारपर्यंत ये. आपा माझी आई आहे, मी करेनच. पण घर सुनेनं सांभाळायचं असतं.

अनारकुल


१४ सप्टेंबर, सोमवार

बुरुलचा,

कुबात सांगतो, पत्र घेतलंस, ॲप्रनच्या खिशात कोंबलंस आणि गाईचं दूध काढायला गेलीस. बरं. आमच्या नाकाला मिरच्या झोंबाव्यात म्हणूनच ना?

आपा तुझं नाव घेते. काल सात वेळा घेतलं. मोजू नये, पण मोजलं. पाणी हवं असलं की बुरुलचा, उशी सरकली की बुरुलचा. मी म्हणते, "आपा, मी अनार." ती म्हणते, "हो गं, कळतंय मला, तूच आहेस." आणि पुन्हा दहा मिनिटांनी बुरुलचा.

मी विचारते, "किती दुखतंय? शून्य ते दहा, सांग." तर म्हणते, "नाही दुखत. तू दमलीस, चहा घे." आणि गादीची कड मुठीत धरते. पाहुण्याशी बोलावं तसं बोलते माझ्याशी. पोटच्या पोरीशी! काल दुपारी तर म्हणाली, "आज मी वरच्या पुलापलीकडे गेलेय गं." मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. मेलिसला बोलावलं, त्याला म्हटलं, बडबडायला लागलीय, औषध कमी करू या. अर्धंच दिलं. मग ती दुपारभर भिंतीकडे तोंड करून रडली. आवाज न करता. तिला आयुष्यात दोनदाच रडताना बघितलंय, हे तिसऱ्यांदा.

तुला ती पुलाचं वगैरे काही सांगायची का? औषधापुरतं विचारतेय. दुसरा काही अर्थ काढू नकोस.

आणि एक. तू समजत असशील की अनार एजे जळते माझ्यावर. मी कशाला जळू? लग्नात आपानं तुला चांदीचे कानातले घातले, ती रीतच आहे, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण जूनमध्ये ती शहरातून नळी बसवून आली आणि तू पहिल्यांदा औषध दिलंस, त्या दिवशी तिनं दोन्ही हात पसरून तुला दुवा दिली. "माझी लेक," म्हणाली. मी दारात उभी होते. ड्यूटी संपवून सरळ आलेली, हातात तिच्यासाठी जर्दाळू. मला कुणी आत ये म्हटलं नाही. म्हणजे म्हटलं, पण नंतर. जर्दाळू तूच धुवून बशीत मांडलेस आणि आपानं तुझ्या हातातून खाल्ले.

एवढ्याशा गोष्टीवरून कुणी जळतं का?

उत्तर पाठव.

अनारकुल


१८ सप्टेंबर, शुक्रवार

बुरुलचा,

तुझी तीन ओळींची चिठ्ठी मिळाली. "एजे, वरचा पूल म्हणजे सात. वहीच्या शेवटच्या पानावर रस्ता काढलाय. औषध पूर्ण द्या, पण आधी श्वास मोजा." स्वतःबद्दल एक अक्षर नाही, रविवारबद्दल नाही, मेलिसबद्दल नाही. सरळ कामाचं. हेच तर मला सहन होत नाही तुझं.

शेवटचं पान उघडलं. आपल्या फाटकापासून वरच्या कुरणापर्यंतचा रस्ता. फाटक एक, गिरणी दोन, कोरडा ओढा चार, वरचा पूल सात, खिंड दहा. लहान मुलानं काढावं तसं चित्र, पण आपा त्या रस्त्यानं पन्नास उन्हाळे मेंढ्या घेऊन गेलीय. मी तिला ते पान दाखवलं आणि विचारलं, "आज कुठवर?" तिनं लगेच बोट ठेवलं. म्हणाली, "ओढा ओलांडला, पुलाच्या अलीकडे." मग हसली आणि म्हणाली, "तुझे ते आकडे मला नाही जमत अनार. दुखणं काय मेंढरं आहेत मोजायला?"

अठ्ठावीस वर्षांत मला हे सुचलं नाही. तुला सुचलं. गाईगुरांत वाढलेल्या पोरीला. त्या पानाचे तुकडे करावेत असं वाटलं मला. केले नाहीत.

आता पुढचं ऐक, आणि हसू नकोस. काल नळी बंद पडली. सलाईन आत जाईना. तशी बुधवारपासूनच जड झाली होती. माझ्या हाताला सवय टोचायचं, सोडायचं, सुई काढायची आणि पुढच्या माणसाला बोलवायचं. औषधानंतर पुन्हा सलाईन सोडून नळी धुवायची, हे मी दोनदा करायचे, तर तीनदा विसरायचे. म्हणजे विसरले असंही नाही. तू करायचीस म्हणून करावंसं वाटलं नाही.

त्यातच त्या पाच जणींतल्या कालिचा काकू आल्या, मेंढीच्या शेपटीची चरबी घेऊन. "दंड सुजलाय, चोळते." तुझ्या वेळी त्या अशाच आल्या होत्या, तेव्हा तू काय म्हणाली होतीस ते मला आठवलं: "काकू, माझा गुडघा दुखतोय, आधी मला चोळा ना." आणि सगळी चरबी स्वतःच्या गुडघ्याला चोळून घेतलीस. काकू खूश, आपाचा दंड कोरडा. मला नाही तसं जमलं. काकू म्हणाल्या, "आता खरी नर्स आहे घरात," आणि मी फुगले. चोळू दिली. चरबीनं चिकटपट्टी सुटली, कडा लाल झाल्या, संध्याकाळी अंगात ताप.

नळी उघडायला मी सर्वांत लहान सिरिंज घेतली. लहान सिरिंजला जोर जास्त बसतो, हे मला माहीत आहे. अंगठा दांड्यावर ठेवला होता. समोर तुझी वही उघडी होती आणि त्यात तुझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलेलं: नळी अडली तर जोर लावायचा नाही. लहान सिरिंज तर कधीच नाही. आत फुटली तर तुकडा काळजात जातो. चिनाराला फोन.

अंगठा काढला. चिनाराला फोन केला. ती आज दुपारी आली. चिकटपट्टी काढून सगळं नव्यानं साफ केलं, ताप बघून औषध सुरू केलं. नळी उघडायचं औषध तिच्याजवळ नव्हतं, ते मंगळवारी शहरातून येईल. तोवर चार-चार तासांनी पोटाच्या कातडीखाली सुई. आपाची कातडी आता सिगारेटच्या कागदासारखी झालीय. प्रत्येक सुईला डाग पडतो. तिला पुन्हा सुया टोचायला लागू नयेत म्हणूनच तर ती नळी बसवली होती ना.

जाताना चिनारा दारात थांबली. म्हणाली, "एजे, त्या रविवारी नक्की काय झालं? बुरुलचा वही चुकवणारी बाई नाही."

मी म्हटलं, मला काय माहीत.

अनारकुल


२२ सप्टेंबर, मंगळवार

बुरुलचा,

हे पत्र नीट बसून वाच. दूध नंतर काढ.

त्या रविवारी दुपारी तू अंगणात चुलीजवळ होतीस, बोरसोकचे पिठाचे गोळे तळत. आत त्या पाच जणी. आपाला उशा लावून बसवलेली, कारण पाहुणे आले की घरच्या मोठ्या बाईनं झोपून कसं राहायचं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. कालिचा काकू म्हणाल्या, "सुनेला हाक मारा, औषध देऊ दे." मी तिथंच बसलेली. इस्पितळाचा कोट अंगावर, मुद्दाम काढला नव्हता. मी म्हटलं, "सून कशाला? मी आहे की." त्यांच्यातली एक हसली आणि म्हणाली, "तुला येतं का गं ते? त्या नळीचं काहीतरी वेगळं असतं म्हणे." एवढंच. तिला काही वाईट म्हणायचं नव्हतं. पण मला ते लागलं.

तुझ्या डब्यातून अँप्यूल काढली. मधल्या वेळेला दुखलं तर अर्धीच द्यायची, हे वहीत लाल अक्षरात आहे. मी पूर्ण भरली. श्वास मोजले नाहीत. भसकन सोडली. नंतर चिमटा लावला नाही, सलाईन सोडलं नाही, म्हणजे निम्मं औषध नळीतच उभं राहिलं. तीन वाजले होते. भिंतीवरच्या घड्याळात बघितलं, म्हणून नक्की सांगते.

थोड्या वेळानं आपाचा चेहरा सैल पडला. डोळे मिटलेले. मी तिचा हात धरून बसले होते. बायका बघत होत्या. बुरुलचा, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या आयांना सुया टोचल्या. मला एकच हवं होतं, की माझ्या आईला बरं वाटावं ते एकदा तरी माझ्या हातून, आणि तिला ते कळावं. आपानं माझा हात दाबला, आणि डोळे न उघडता म्हणाली, "जुग जुग जग, बुरुलचा."

पाच जणींच्या समोर.

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. कालिचा काकूंनी माझ्याकडे बघून नजर खाली केली.

मी रिकामी अँप्यूल उचलून कोटाच्या खिशात टाकली. वही उशाशी होती, पेन वहीत होतं. मी लिहिलं नाही. मनात म्हटलं, दुवा तिला मिळाली, तर लिहू दे तिलाच.

चार वाजता तू आत आलीस. पिठाचे हात धुतलेस, पुन्हा धुतलेस. वही बघितलीस, त्यात बाराची नोंद शेवटची. आपा शांत झोपली होती, ते बघून तू माझ्याजवळ वाकून हळूच विचारलंस, "एजे, मघाशी कुणी आपांना औषध दिलं का?"

मी म्हटलं, "वही तुझी. मला काय विचारतेस?"

तू सलाईन सोडलंस, तेव्हा नळीतलं माझं निम्मं आत गेलं. मग तू तुझी अँप्यूल दिलीस. पंचवीस मिनिटांनी तू श्वास मोजलेस तर मिनिटाला पाच.

दोन अँप्यूल गेल्या, हे मी ॲम्ब्युलन्सवाल्याला चेहरा बघून सांगितलं नाही. मला माहीत होतं. गाडी यायला चाळीस मिनिटं लागली आणि तेवढा वेळ तू तिला बसतं करून कानाशी म्हणत होतीस, "आपा, श्वास घ्या. आता सोडा. पुन्हा घ्या." तू सांगितलंस की ती घ्यायची, तू थांबलीस की ती थांबायची. मी पायाशी उभी. त्या चाळीस मिनिटांतही, अल्लाची शपथ घेऊन सांगते, माझ्या मनात एकदा आलं, की बघा, हिचंच ऐकते.

असली बाई आहे मी.

मग मेलिस तुला तसं बोलला आणि तू मान खाली घालून पिशवी भरलीस. मी खिशात हात घालून ती अँप्यूल चाचपत होते.

आता सांगून टाकलंय तुला. मेलिसला अजून सांगितलेलं नाही. तू आलीस तर मी तुला आयुष्यात कधी वर तोंड करून बोलणार नाही. तुझ्यापुढे कबूल केलंय, मग आणखी कुणाला कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची.

हे शेवटचं खोडणार होते. राहू दे. मी कशी आहे ते तुला कळू दे.

चिनारानं आज नळी उघडली. चार-पाच दिवस ती इथंच राहील, तिच्या रजेतून.

अनारकुल


२६ सप्टेंबर, शनिवार

बुरुलचा,

हे मी तुझ्या घरासमोर, कुबातच्या गाडीत बसून लिहितेय. गुडघ्यावर कागद आहे, अक्षर लागलं नाही तर समजून घे. तुझी आई बाहेर आली होती. तू भेटायचं नाही म्हणतेस, असं सांगितलं आणि वर चहा आणि भाकरी देऊन गेली. मला तिनं हाकलून दिलं असतं तर सोपं झालं असतं. ती परत येईल तेव्हा हे तिच्या हाती देईन.

तुझं बुधवारचं उत्तर मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. "चिमटा उघडा होता, एजे. मी बघितलं होतं. पण पाच जणींसमोर तुम्हाला दुसऱ्यांदा कसं विचारू? म्हणून चूक माझीही आहे. पण मी येणार नाही. मेलिसनं मला काय झालं ते विचारलंसुद्धा नाही."

तुला माहीत होतं. म्हणजे पूर्ण नाही, पण शंका आली होती, आणि आमच्या घरच्या रीतीनं तुझं तोंड शिवलं. थोरल्या नणंदेला सून दुसऱ्यांदा विचारत नाही. मीच तुला शिकवलं होतं ते, लग्नाच्या तिसऱ्या दिवशी. आठवतं? चहात मीठ घालू का, असं दोनदा विचारलं होतंस म्हणून.

परवा कुर्बान ईद होती. घरोघर फिरून बायका आपल्याकडे आल्या, त्याच पाच जणी. मांस शिजलेलं, जेवणाचं दस्तरखान अंथरलेलं, सगळ्यांनी हात पसरून दुवा मागितली. मेलिस मधे बसला होता. कालिचा काकूंनी विषय काढला, "सुनेच्या माहेरच्यांनीच तिला घेऊन यावं आणि माफी मागावी. आपण कशाला जायचं?" मी इस्पितळाचा कोट घेऊन आले, खिशातली अँप्यूल काढली आणि बोरसोकच्या ढिगाशेजारी ठेवली. म्हटलं, "ही तीन वाजताची. मी दिली, तुमच्यासमोर. तुम्ही पाचही जणींनी बघितलं. लिहिलं नाही. तिनं विचारलं तेव्हा लपवलं."

कालिचा काकूच आधी बोलल्या. "अगं, आम्हाला वाटलं ते दुसरं काहीतरी असेल. सलाईन वगैरे. आम्हाला काय कळतंय त्यातलं? आणि आता घरातली गोष्ट घरात राहू दे." त्यांनाही माहीत होतं की गं, अर्धंमुर्धं. पण सुनेवर ढकललं की सगळ्यांनाच सोपं असतं.

मेलिसनं अँप्यूल उचलून उजेडात धरली. मला वाटलं, मारेल. तो म्हणाला, "एजे, तू मला तिच्यावर ओरडताना बघत उभी होतीस." एवढंच म्हणून बाहेर गेला आणि संध्याकाळपर्यंत घोड्याजवळ उभा राहिला. आज तो या गाडीत मागच्या सीटवर बसलाय. खाली उतरायला लाजतोय. मी म्हटलं, उतर, तर म्हणतो, "मी तिला काय तोंड दाखवू?" मूर्ख आहे, पण माझ्याइतका नाही.

काल मोठ्या डॉक्टरकडे जाऊन लेखी दिलं. तुझं नाव कागदांवरून साफ झालंय, त्याची प्रत मेलिसच्या खिशात आहे. मला इंजेक्शनच्या खोलीतून काढलंय. आता पट्ट्या गुंडाळायच्या आणि उपकरणं उकळायची. चिनाराकडून नळीची सगळी शिकवणी पहिल्यापासून घेतल्याशिवाय आपाच्या दंडाला हात लावायचा नाही, असंही लिहून घेतलं. मी सही केली. तशी बुधवारपासूनच तिच्यासमोर बसतेय, शाळेतल्या पोरीसारखी. काल झाकण पुरतं वाळायच्या आधी सिरिंज लावली तर तिनं माझ्या हातावर चापट मारली.

आता मुद्द्याचं. चिनारा उद्या संध्याकाळी पाचला जाणार. तिला आणखी सहा घरं बघायची आहेत. त्यानंतर आपाजवळ कोण? तिच्याजवळ आता फार दिवस नाहीत. चिनारा म्हणते, तीन आठवडे, फार तर चार. आणि खिंडीपर्यंत रोज दोनदा पोचतेय ती.

दस्तरखानावर मी जे बोलले ते आपानं आतून ऐकलं होतं. बायका गेल्यावर तिनं मला बोलावलं. मला वाटलं रागावेल. तिनं माझा हात धरला, आणि या वेळी डोळे उघडे होते. म्हणाली, "अनार, दुखणं तुझ्या हातानंही थांबतं गं. पण तिचा हात असला की मला झोप लागते."

हे वाक्य मी तुला सांगणार नव्हते. दोन दिवस ते माझ्याजवळ ठेवलं. गाडीत बसतानाही ठरवलं होतं की बाकी सगळं सांगायचं, पाया पडायची वेळ आली तर पडायचं, पण हे एक नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही. हे लिहिताना अजून आत जळतंय माझं, आणि तू आल्यावरही जळेल. ती झोपेल तुझ्या हाताखाली आणि मी बाहेर पट्ट्या गुंडाळत बसेन आणि जळेन. तेवढं तू सोसून घे.

पण तिला झोप हवीय, बुरुलचा. आणि ती झोप माझ्याजवळ नाही.

मेलिसला मी मागेच बसवून ठेवलंय. मीही मागे जाऊन बसतेय. पुढची सीट तुझी. पिशवी मी उचलेन.

अनार